पालकांची उलटी शाळा

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. मांडीवर सातवीच्या वह्यांचा ढीग आहे, वाकता येत नाही.) बदलीचं गाव मानवलं का? वहिनीचा खोकला गेला का? आणि जेवताना ऑफिसचे फोन घेणं बंद केलंस की नाही? इकडे आम्ही दोघी ठीक. वर्ष संपेपर्यंत माझ्याकडे राहायला आणि माझ्याच वर्गात बसायला तुझी खारूताई तयार झाली खरी, पण घरी मी आत्या आणि शाळेत बाई, त्यामुळे फाटकापाशी रोज तिची तारांबळ उडते. पत्र सकाळी लिहायला घेतलं आणि दर दोन ओळींनी उठते आहे. आत्ताच गॅस बंद केला का ते बघून आले. बंद होता.

तर झालं असं, पालकसभेला कोणी फिरकत नाही म्हणून मुख्याध्यापिका माझ्या मागे हात धुऊन लागल्या. (गेल्या सभेला मोजकी डोकी होती, त्यातलं एक चुकून आलेलं, आठवीचं.) मग मीच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला. म्हटलं, भाषणं ऐकायला कोण येणार? पालकांना मुलांच्या बाकावर बसवू आणि मुलं त्यांना अपूर्णांकांची बेरीज शिकवतील. शनिवारी वर्ग भरला. वकीलबाईंनी स्वतःच्या मुलाची उलटतपासणी घेतली: छेद समान करायचा हे ठरवलं कोणी, पुरावा काय. पोरगं रडकुंडीला आलं. बेकरीवाले शेजारच्या डॉक्टरांच्या वहीत बघून उतरवत होते, आणि डॉक्टरांचंच चुकलेलं. दोघांची चूक अक्षर न् अक्षर सारखी निघाल्यावर मुलांनी दोघांना उभं केलं, तर बेकरीवाले म्हणतात, "बाई, यांनीच माझं बघितलं." एका आईने बाहेर जाऊ का विचारलं, तर तिच्या चिरंजीवांनी सांगितलं, आत्ताच जाऊन आलीस, बस खाली. इतकी वर्षं मी शिकवते, पण असा जुलमी मास्तर पाहिला नव्हता.

मुख्याध्यापिका दारात उभ्या राहून खूश. येत्या शनिवारी पुन्हा करा म्हणाल्या, फक्त एकाही मुलासमोर जागा रिकामी नको. कारण परवा एक जागा रिकामी राहिली होती आणि नेमकी तिथेच त्यांची नजर गेली. माझी तर तिथून हललीच नव्हती. तेव्हापासून मला कशात चैन नाही. असो. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. – गॅस पुन्हा बघितला. बंदच आहे.

ता. क. – ती रिकामी जागा खारूताईसमोरची. मी जाऊन बसले तर हळूच म्हणाली, "तुम्ही उठा. तुम्ही बाई आहात." मग तास संपेपर्यंत एकटीच शिकवत राहिली, मोठ्याने, कोणी न विचारलेल्या शंकांची उत्तरं देत. मला रडू यायला लागलं, म्हणून मी उगाच खिडक्या लावत सुटले. दादा, शनिवारी ये. रजा मिळत नाही हे मला कळवू नकोस, तिला कळव.

ता. क. – तू येणार असं मी तिला सांगून टाकलं आहे. तिचा विश्वास बसलेला नाही. तरी तुला जमतील अशी सोपी गणितं तिने वेगळी काढून ठेवली आहेत.