फाट्यावरची भावी सीए

९ मे

बारावीचा रिझल्ट लागला तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. कुठली सुटले! आता जो भेटतो तो एकच विचारतो, "मग फुडं काय?" आणि उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही, स्वतःच सांगून मोकळा होतो.

अकाउंटला कॉलेजात पहिली. सगळे म्हणतात आवड आहे पोरीला. आवड कसली, भीती आहे. ताळेबंद जुळेना की मला दरदरून घाम फुटतो, म्हणून जुळेपर्यंत मी उठतच नाही. पेपरच्या सकाळी दोनदा ओकले होते, ते मार्कशीटवर दिसत नाही.

रोज पूर्ण लिहीत बसणार नाही. अ = अकाउंट, म्हणजे सीए. टे = टेक, बीसीए, दादासारखं. मॅ = मॅनेजमेंट, बीबीए, माझी मैत्रीण पूनम करणार ते. सीईटी देऊन ठेवलीय, ती टे आणि मॅ दोन्हीला चालते.

पोटात गोळा. ओवा खाल्ला. काही फरक नाही.

१२ मे

घोडेगावहून मामा पेढे घेऊन आला. पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या डोक्यात आहे, त्यामुळे हल्ली कडक इस्त्री. अप्पांशी ओट्यावर बसून बराच वेळ हळू आवाजात चाललं होतं. जाताना म्हणाला, "भाचीबाई, दोन दिवस थांब, मंग बघ."

काय बघ? कुणी सांगेना.

१४ मे

मेले. मेले मी!

फाट्यावर फ्लेक्स. "भावी सीए कु. साक्षी हिचे हार्दिक अभिनंदन." माझा फोटो आधारचा, डोळे अर्धे मिटलेले. शेजारी मामा कमरेवर हात ठेवून, माझ्या दुप्पट. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्या वाडीचे पासपोर्ट फोटो.

मामाला फोन केला. "मामा, अरे मी अजून ठरवलंच नाय."

"मंग भावी लिवलंय ना? झालीय असं कुठं म्हणलोय?"

नारायणगावला निघाले तर जीपवाला म्हणतो, "सीएबाई, तुमी फुडं बसा." पुढं बसले. सगळी जीप माझ्याकडं बघत होती. मार्केटपर्यंत मान वर केली नाही.

घरी आले तर अप्पा हसत दारात. "आल्या का सीएबाई!" इतकं खूष मी माझ्या वडलांना कधी बघितलं नव्हतं. काही बोलता आलं नाही. तिथंच चुकलं.

१८ मे

अप्पांनी माझं नाव घेणंच सोडलं. सीएबाई, पाणी द्या. सीएबाई, शेळी सुटली.

आज शेजारचे बबनतात्या पिशवीभर कागद घेऊन आले. कसली तरी नोटीस, पॅनकार्ड, पासबुक, सगळा काला. म्हटलं, "तात्या, मी बारावी झालीय नुसती." तर म्हणाले, "आगं फ्लेक्सवर हाय की! घरात सीए आसताना घोडेगावला हेलपाटा कशापायी?"

अप्पा शेजारी मांडी घालून बसलेले, कौतुकानं बघत. कशी नाही म्हणणार? नोटीस वाचली, काहीच नव्हतं, आधार जोडायचं राहिलेलं. मोबाईलवर करून दिलं. तात्या वाडीभर सांगत गेले.

आता रांग लागणार. एखाद्याचं चुकलं माझ्या हातून तर? सीए नाही झाले तर हे सगळे लोक फ्लेक्सवरच आहेत, जाऊन तोंड कुठं लपवू?

२३ मे

आईचं वेगळंच. तिला टे पाहिजे. "दादा बग कसा. वरच्या खोलीत बसून पगार घेतोय. ऊन न्हाई, वारा न्हाई. पोरीच्या जातीला लई बरं."

दादा हिंजवडीच्या कंपनीतून मार्चपासून घरी आहे. वर्क फ्रॉम होम. त्याची मिटिंग चालू असली की आई मिक्सर लावत नाही, पाट्यावर वाटते. शेजारच्या बायकांनाही हळू बोलायला लावते.

दुपारी चहा घेऊन वर गेले. दादाचं जोरात चालू होतं, "यस, यस, शुअर." दार ढकललं. लॅपटॉप मिटलेला. मोबाईल चार्जिंगला, कोपऱ्यात. दादा भिंतीकडं तोंड करून एकटाच बोलत होता.

मग सगळं सांगितलं. नोकरी मार्चमध्येच गेली. त्याच्या टीममधले निम्मे काढले. "दुसरी मिळंपर्यंत आईला सांगू नको. अप्पांना तर अजिबात नको."

मी विचारलं, "मग मी टे घेऊ का नको?"

"मला नको विचारू, साक्षे. घे म्हणलं तरी खोटं, नको म्हणलं तरी माझं दुखणं तुझ्या गळ्यात."

चहा गार झाला. खाली आई पाट्यावर चटणी वाटत होती, आवाज न करता.

२४ मे

जेवण जात नाही. आई म्हणते ऊन लागलं.

३० मे

पूनमकडं. तिच्या वडलांची मार्केटला टोमॅटोची आडत. घरात राजस्थानी बोलतात, आमच्याशी आमच्यापेक्षा गावठी. पूनमचं ठरलंय, पुण्याला बीबीए. "चल ना गं, एकच खोली घेऊ. तू असलीस की मी घाबरणार नाही." ती घाबरते? मला वाटायचं मी एकटीच.

तिचे पप्पा गल्ल्यावरून ओरडले, "अगं साक्षीला मॅनेजमेंट शिकवणार कोण? गेल्या साली अप्पांचा पाय मोडला व्हता तवा सगळा माल हिनंच आणला की!"

खरंच की. तोडणीच्या बायका गोळा करायच्या, क्रेट, पिकअप, भाव मिळेपर्यंत मार्केटात उभं राहायचं. रोज कुणीतरी दगा द्यायचं, रोज मी काहीतरी जमवायचे. त्या सगळ्या सीझनला पोट दुखलं नव्हतं. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

रात्री जेवताना हळूच विषय काढला. अप्पा म्हणाले, "मॅनेजमेंट म्हंजी काय? त्ये तर तुजी आई रोज करती. त्याला कालेज कशाला?" आई हसली. मीही हसले. हसायला नको होतं.

आणि मला मॅ पाहिजे का पूनम पाहिजे? हे कसं ओळखायचं? खरं सांगायचं तर माहीत नाही.

८ जून

वावटळ. फाट्यावरचा फ्लेक्स एका बाजूनं फाटून लोंबत होता. जिवाला इतकं बरं वाटलं की लाज वाटली. अप्पा जाऊन सोडवून घेऊन आले, नीट घडी घालून. कांद्याच्या ढिगावर टाकला, चारी कडांना दगड. आता मागच्या दारातून बाहेर पडलं की मीच आभाळाकडं बघत पडलेली. मामा कांद्याखाली दुमडला गेलाय.

१३ जून

सोमवारी पुण्यातल्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस. अ घेतलं तर जायलाच नको, सीएचा क्लास नारायणगावात आहे.

दादाची आजपण मिटिंग. बराच वेळ "शुअर, शुअर."

१५ जून, रविवार

मामा जेवायला. विषय निघालाच. मामा म्हणतो सीए, "गावात शब्द गेलाय." आई म्हणते, "शब्द तुमी दिला, पोरीनं दिला व्हता का?" मला वाटलं, चला, आई माझ्या बाजूनं. तर पुढं लगेच, "ती कंपूटरच करणार. दादासारखं. दादा, सांग रं मामाला!"

दादानं घास खाली ठेवला.

"आई, माझी नोकरी गेलीय. मार्चमधीच."

 मग आई, एकदम बारीक आवाजात, "आन् त्या मिटिंगा?"

दादानं ताट बाजूला सरकवलं. आईनं पदर तोंडाला लावला. माझ्यासाठी बोलला तो, मला माहितीय. नाहीतर अजून महिना काढला असता त्यानं.

मामा म्हणाला, "तरी मी सांगत व्हतो, सीएच..." अप्पांनी नुसतं बघितलं त्याच्याकडं. मामानं भाकरीचा तुकडा मोडला.

अप्पा दादाला म्हणाले, "आधी जेव." भाकरी स्वतः वाढली त्याला. मग ताटात बोट फिरवत माझ्याकडं वळले.

"पोरी, तुला काय करायचंय?"

महिनाभर मी धुमसतेय की मला कुणी विचारत नाही. इथं पानंच्या पानं भरलीत. आणि विचारलं तर तोंड उघडून बसले.  सगळे बघत होते. रडू आलं.

"असू दे," अप्पा म्हणाले. "सकाळी सांग."

१६ जून, सकाळ

तोंड धुवायला मागं गेले. फ्लेक्स उलटा घातलाय. सगळी पांढरी बाजू वर. अप्पा शेळीला चारा टाकत होते. विचारलं तर म्हणाले, "तुज्या तोंडावर कोंबड्या चढत व्हत्या. बरं दिसंना."

मिक्सर चालू आहे. दादा ओट्यावर चहा पितोय, सगळ्यांच्या समोर, बनियनवर. बबनतात्यांनी रस्त्यावरून विचारलं, "काय रं, आज मिटिंग न्हाई व्हय?" दादा म्हणाला, "न्हाई तात्या. नोकरी शोधतोय."

अप्पांनी पांढरा सदरा घातलाय. म्हणाले, जीपनं नारायणगावपर्यंत जाऊ. क्लासला जायचं तर तिथंच उतरू, नाहीतर तिथून पुण्याची यष्टी. जीपमध्ये सांगितलंस तरी चालंल.

कागदांची पिशवी भरलीय. तिन्हीला चालतील असे सगळे घेतलेत. गोळा आहेच पोटात. पण कालच्यापेक्षा वेगळा, हलतोय. ओवा नाही खाल्ला. अप्पांना जीपमध्ये म्हणणार आहे की अप्पा, गेल्या साली तुमचा पाय मोडला होता ना, तेव्हा...

हाक मारतायत. "साक्षे, निगायचं ना गं?"

महिनाभरानं नाव घेतलं माझं.