माझी इच्छा कावळ्याला विचारू नये

मी, धोंडाबाई खंडेराव बोराडे, वय बासष्ट, धंदा पिठाची गिरणी, राहणार सिडको, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. आज सकाळीच वरून कोरडा दिसणारा गहू डब्यात हात घातल्यावर ओलसर निघाला, तो मी दळायला न घेता परत पाठवला. यापेक्षा मोठा पुरावा लागत असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

माझ्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईने माझं नाव धोंडा ठेवलं. असं नाव ऐकून मरणाला पोर नकोसं वाटतं, अशी आमच्याकडे समजूत. त्याला ते आजवर नकोसंच वाटलं. पुढचा भरवसा नाही, म्हणून हे लिहिणं.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, कुणाला काय द्यायचं तेवढं लिहा, बाकीचं गाळा." मी म्हटलं, साहेब, फी मी देते आहे. बाकीचंच महत्त्वाचं आहे.

१. माझे यजमान खंडेराव अंबडला कारखान्यात होते. ते १९९३ साली भाद्रपदात वारले. त्यांच्या दहाव्याला आम्ही गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा येईना. कावळा शिवला नाही म्हणजे मेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते आईच्या दुधाबरोबरच पोटात गेलेलं असतं. पिंडाशेजारी पेढा ठेवला, चिवडा ठेवला, त्यांची विडी ठेवली. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली उतरला नाही. माझा जीव कासावीस झाला. या माणसाला काय सलतंय, आणि ते मला बायको असून कसं कळत नाही?

मग धाकटे दीर पुंजाराम पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "दादा, मोहिनीचं लगीन मी करीन." काही नाही. ऊन डोक्यावर आलं. पुंजाराम पुन्हा म्हणाले, "दादा, तुला लेक हाय, ल्योक नाय. मळ्याची काळजी करू नको. मळा माझ्या दिनेशच्या नावावर करतो. तो तुझं नाव चालवल."

आणि कावळा उतरला. "शिवला, शिवला!" सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. कुणी माझा हात धरला नव्हता. महिन्याभरात मी मळ्यावरचा माझा आणि मोहिनीचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली, आणि घरी येऊन समाधानाने जेवले. मोहिनीचं लग्न मीच केलं. ते पहिलं वचन देताना कावळा उतरला नव्हता, म्हणून ते बहुधा धरायचं नसतं.

२. गिरणीच्या पत्र्यावर रोज एक कावळा येतो. मी त्याला भाकरीचा तुकडा टाकते. काही वर्षांपूर्वी पितरपाटात त्याने तुकड्याकडे मान वाकडी करून पाहिलं आणि तसाच उडून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वर पाहिलं तर गल्लीतल्या प्रत्येक गच्चीवर पितरांच्या नावाने खीर, वडे, भजी. कावळ्यांना हुंगायला सवड नव्हती.

मी गिरणी बंद करून खालीच बसले. खंडेरावांचा दहावा पितरपाटातच आला होता. त्या दिवशी सकाळी माझी जाऊ भागुबाई हिने स्वतः खिरीची वाटी छपरावर ठेवली होती. सगळ्या नाशकाने मिळून कावळ्यांना आकंठ जेवू घातलं, आणि नंतर घाटावर उभं राहून विचारत बसलो की हे का खात नाहीत! त्या घटकेला कुणी "धोंडाबाईला मळा द्या" म्हटलं असतं, तर मळा माझा झाला असता. कुणी "पुंजारामला नदीत बुचकळा" म्हटलं असतं, तर तीच खंडेरावांची शेवटची इच्छा ठरली असती.

पुंजारामांनी ठरवून फसवलं, असं मी म्हणत नाही. त्यांनाही खरंच वाटलं असेल. आपल्या फायद्याची गोष्ट माणसाला फार लवकर खरी वाटते, आणि वर कावळ्याची साक्ष मिळाली की विचारायलाच नको.

३. सिडकोतलं राहतं घर आणि खालची गिरणी, मोटर, पट्टा, दगड आणि दगडांना टाकी लावायच्या हत्यारांसह, ही माझी स्वकष्टाची कमाई आहे. ती सगळी माझी मुलगी मोहिनी हिला मिळावी. तिने नवऱ्याचं घर सोडलं, ते मी सांगितलं म्हणून सोडलं. त्यावर ज्यांना बोलायचं होतं ते बोलून झालेलं आहे.

४. माझं जांभळं लुगडं शेजारच्या कलाबाईला द्यावं. मी विधवा झाल्यावर आलेल्या पहिल्या संक्रांतीला तिने मला घरात बोलावून सगळ्या बायकांदेखत कुंकू लावलं. दोघी तर ताडकन उठून गेल्या. कलाबाईच्या घरावर काही आभाळ कोसळलं नाही. तिचे यजमान अजून रोज सकाळी फिरायला जातात.

५. गिरणीवरचा माणूस केरू याला साक्षीदार केलं आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असं वकील म्हणतात, म्हणून त्याला सायकल मी कालच देऊन टाकली.

६. दिनेश दिवाळीत आला होता. म्हणाला, "मोठीआई, आग द्यायला मुलगा लागतो. मी हाय ना! घराचा कागद तेवढा करून टाक, म्हणजे तू बिनघोर." तर मला आग मोहिनी देईल. दिनेशला खंडेरावांच्या फोटोची एक प्रत द्यावी. बारा वर्षं तो त्यांचं नाव चालवतो आहे, पण श्राद्धाला एकदाही पान वाढलेलं नाही. नाव चालवायचं तर निदान चेहरा लक्षात असावा.

७. दिनेश गेल्यावर मोहिनीने त्याचा कप विसळून ठेवला. मग म्हणाली, "आई, पण कावळा शिवलाच नाही तर? सगळे माझ्याकडे बघतील. काका काहीतरी बोलतील आणि मी हो म्हणून बसेन."

माझी लेक उधारीवाल्याला दारात उभं करत नाही, लाइटवाल्याशी भांडून बिल कमी करून आणते, आणि तिला कावळ्याची भीती वाटते. तिला मी हसू शकत नाही. कावळा ओरडला की पाहुणा येणार म्हणून मी अजून चहाचं आधण वाढवते. रक्तात मुरलेलं एका मृत्युपत्राने धुऊन निघत नाही.

म्हणून मोहिनी, तुला दहावा करू नको असं मी सांगत नाही. मेलेल्याला काही हवं होतं का, हे विचारावंसं वाटणं चांगलंच आहे. मला ते आता, जितेपणी विचारलंस, आणि माझं उत्तर हे इथे आहे. माझी कुठलीही इच्छा मागे राहिलेली नाही. मी पितरपाटात मेले, तर कावळे जेवून सुस्त असतील, त्यांना उगाच त्रास देऊ नये.

एरवी पिंड ठेव. कावळा आला तर त्याला भूक होती. नाही आला तर पुंजारामकाकांनी हात जोडायच्या आत तू उभी राहा, आणि हे मृत्युपत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच. त्या घाटावर माझ्या वतीने दुसऱ्या कुणीही एक शब्द बोलायचा नाही. वाचता वाचता कावळा उतरला, लोकांनी "शिवला, शिवला" केलं, तरी थांबू नकोस. शेवटच्या ओळीपर्यंत वाच.

मग घरी ये आणि गिरणी सुरू कर. लोकांचं दळण खोळंबलं असेल.

हे सगळं मी वाचून पाहिलं. एक शब्दही कमी करायचा नाही.

ठिकाण: सिडको, नाशिक
दिनांक: २२ फेब्रुवारी २००५

सही: धोंडाबाई खंडेराव बोराडे

आमच्यादेखत धोंडाबाईंनी सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि आम्हाला बजावून सांगत होत्या की दहाव्याला दोघांनीही मोहिनीच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं. आम्ही राहू.

साक्षीदार:
१. केरू गांगुर्डे, गिरणी कामगार
२. मंगलाबाई शेवाळे, निवृत्त परिचारिका