रिझर्व्हचं पेट्रोल

अण्णा, परवा मी आमचा उपग्रह खाली उतरवला. चांगला चालत होता, तरी. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "जेवलीस का?" आणि मग, "चालू वस्तू का मोडलीस?" म्हणून लिहितेय.

ट्रंकेएवढा होता तो, तळ्यांचे फोटो काढायचा. त्याचं इंधन सरत आलं होतं. ऑफिसातली पोरं म्हणाली, "मॅडम, फोटो अजून मस्त येतायत, वापरून टाकू की." साहेबांनाही तेच हवं होतं, त्यांना गिऱ्हाइकाला तोंड द्यायचं होतं. पण ते शेवटचं इंधन त्याला खाली आणण्यासाठीच राखलेलं. ते संपलं की तो वरच मरून वर्षानुवर्षं फिरत राहणार, कुणाच्या तरी उपग्रहावर आपटणार, त्याचे तुकडे आणखी कुणावर. मी हट्टाला पेटले. आणि मला कोठीच्या पुस्तकबाजारातून परतीचा रस्ता आठवला.

दहावीची पुस्तकं घेऊन आपण घरी निघालोय. काचीगुड्याच्या अलीकडे स्कूटर आचके देते. तुम्ही खाली हात घालून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला लावता, ती पुन्हा सुरू होते. मी मागून म्हणते, "आहे ना पेट्रोल? चला टँकबंडला, तळ्याकाठी आइस्क्रीम खाऊ." तुम्ही मान न वळवता म्हणता, "नक्को. रिझर्व्ह फिरायला नसतं बाई, घरी यायला असतं." बरकतपुऱ्याला घरी पोचेपर्यंत मी गाल फुगवून बसले. संध्याकाळी तुम्ही पायी जाऊन आइस्क्रीम घेऊन आलात, निम्मं वितळलेलं.

मीटिंगमध्ये मी तुमचंच वाक्य जसंच्या तसं म्हटलं. साहेब हसले, पण कबूल झाले. खाली उतरायची कमांड मीच पाठवली. तो काही घरी येणार नव्हता, वरच्या हवेत जळून जाणार होता, आणि तसाच गेला. कुणाच्या वाटेत काही उरलं नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं. तुमची फार आठवण आली, अण्णा.

शहाणपणा सांगून झाला, आता खरं सांगते. तुमची स्कूटर अजून जिन्याखाली उभी आहे. दोन्ही टायर बसलेत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येते. हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून तिच्याच डिकीत ठेवीन. वॉचमन रोज म्हणतो, "अम्मा, कबाडीकू दे डालो ना." गेल्या आठवड्यात भंगार नेणारा तो कबाडीवाला आलाही होता. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, "नक्को भई, गाडी चालू है."