आबांना कोणी मारलं

प्रिय हितेंद्र,

तुझा फोन नऊ दिवस बंद आहे, आणि चालू असता तरी हे मी फोनवर बोलले नसते. फोनवर तू मध्येच तोडतोस. पोरांच्या वह्या तपासण्यात माझी छत्तीस वर्षं गेली, पण एवढं लांब पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. अक्षर हललंय, सांभाळून घे.

घरी सगळे ठीक आहेत, असं लिहायची पद्धत असते. सारिका स्वयंपाक करते, पण ताटावर बसत नाही. रूपा रोज विचारते, पप्पा कधी येणार, तर आम्ही तिला चोपड्याला काम निघालंय एवढंच सांगतो. उन्हाचा तडाखा असा आहे की बागेतली पानं दुपारी करपून खाली लोंबतात. पक्षाची माणसं येतात, अंगणात खुर्च्या टाकून बसतात, चहा पितात. परवा तालुकाध्यक्ष आले होते. आबांच्या फोटोला हात जोडून म्हणाले, ‘वहिनी, हुतात्म्याचं घर आहे हे, तुम्ही कशाला घाबरता? तो मजूर नवल आणि त्याच्याबरोबरचे तिघं आत आहेत. मजुरांची आपसातली मारामारी, असंच कागदावर गेलंय. हितेंद्रचं जिल्हा परिषदेचं तिकीट पक्कं समजा.’ मी त्यांना दुसरा चहा विचारला नाही. तोताराम गुरुवारी गेले, ही बातमी त्यांनी जाता जाता चपला घालताना सांगितली. जळगावच्या दवाखान्यात चार दिवस होते, शुद्धीवर आलेच नाहीत.

तुला लहानपणापासून एक गोष्ट पाठ आहे. तू आठ वर्षांचा असताना आबांच्या पुण्यतिथीला स्टेजवर उभा राहून ती सांगितलीस, तेव्हा अर्धा गाव रडला होता. ‘माझे आजोबा सुपडू आबा गरिबांसाठी लढले आणि समोरच्या पक्षाच्या तोतारामनं त्यांना लोखंडी पान्यानं मारलं.’ ते भाषण मी लिहून दिलं होतं. माझ्याच अक्षरातला तो कागद तू कितीतरी वर्षं दप्तरात ठेवला होतास. आज खरी गोष्ट लिहिते.

मी या घरात सून म्हणून आले तेव्हा ओसरीच्या भिंतीवर आबांनी गेरूनं लिहिलेलं होतं, ‘राबेल त्याचा पहिला घास.’ पक्षाची गावातली पहिली बैठक याच ओसरीवर झाली होती. समोरचा पक्ष बागायतदारांचा आणि आपला राबणाऱ्यांचा, असं तेव्हा पोरंसोरंही सांगायची. आबा पाड्यावर जायचे, मजुरांच्या चुलीपाशी बसून भाकरी खायचे, आणि घरी आल्यावर सासूबाई, तुझी आजी भिकुबाई, त्यांना अंगणात उभं करून पायांवर पाणी ओतायची. मग गावात पंप आले, विहिरी खोल गेल्या, आपल्याच पक्षातल्या माणसांनी केळी लावली. यात वाईट काही नव्हतं. आपल्याही शेतात केळी झाली, त्याच केळीवर तू शिकलास. पण ज्याच्या बागेत मजूर लागतो त्याला हळूहळू मजुरांची सभा नकोशी होते. बैठकी आमच्याच ओसरीवर व्हायच्या, माणसंही तीच यायची, फक्त बोलणं बदललं. आबा बोलायला उठले की कुणी अडकित्ता शोधायचं, कुणाला बैल सुटल्याचं आठवायचं. भिंतीवरची ती ओळ एका पोळ्याला चुन्याखाली गेली. आबांनी विचारलं नाही, कारण चुना त्यांच्याच मुलानं लावला होता, तुझ्या नानांनी.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात आपल्याच पक्षाच्या अध्यक्षांच्या बागेत कटाई चालू होती. मजुरांना विहिरीवर येऊ देत नव्हते, गुरांच्या हाळातलं पाणी प्या म्हणायचे. त्या पाण्यानं जुलाब होऊन दोन बाया मेल्या. मजूर विहिरीभोवती बसले, कटाई थांबली, झाडावर घड पिवळे पडायला लागले. आबा त्यांच्यात जाऊन बसले. अध्यक्ष त्यांचे वीस वर्षांचे सोबती होते, दोघांनी एका भाकरीवर प्रचार केलेला. आबा म्हणाले, ‘पक्ष माझा आहे आणि विहीर माझ्या पक्षाची आहे, मी पाणी पाजणार.’

तिसऱ्या दिवशी मी भाकरी घेऊन गेले. दुपारचे बारा वाजले असतील. पंपाच्या खोलीजवळ पोचले आणि बांधावरून आपल्या पक्षाची दहा-अकरा माणसं येताना दिसली. त्यांत तुझे नाना होते, सव्वीस वर्षांचे. त्यांना पुढे घातलं होतं, म्हाताऱ्याला घरी न्या म्हणून. नानांनी मागून जाऊन आबांचे दोन्ही दंड धरले. ‘आबा, घरी चला, लोक हसतात,’ असं म्हणत होते. आबा हिसका देऊन सुटायला बघत होते. तेवढ्यात अध्यक्षांच्या भावानं कुऱ्हाडीचा दांडा फिरवला. पहिला वार कानावर बसला. ओला नारळ दगडावर आपटावा तसा आवाज झाला. मला वाटलं, आता नाना सोडतील. त्यांनी सोडलं नाही. हितू, त्यांनी दुष्टपणानं धरून ठेवलं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही; माणूस जागच्या जागी गोठतो तसे ते गोठले होते. पण दुसरा वार बसला तेव्हा आबा त्यांच्या हातात होते, आणि तिसरा बसला तेव्हाही. नानांचा सदरा छातीपर्यंत लाल झाला. मजुरांवर दांडे पडत होते, बाया पोरांना घेऊन बागेत पळत होत्या, आणि माझ्या हातातल्या भाकरीचं फडकं सुटून खाली पडलं होतं.

शेजारच्या बागेतून एक माणूस धावत आला. तो पंप दुरुस्त करणारा तोताराम. माझ्या माहेरच्या शेजारच्या गावचा, धुळ्याकडचा, म्हणून मला ताई म्हणायचा. समोरच्या पक्षाचा होता, निवडणुकीत त्यांच्या टेबलावर बसायचा. त्यानं हातातला पाना फिरवत सगळ्यांना मागे सारलं, आबांना उचललं, आणि बैलगाडीत मांडीवर त्यांचं डोकं घेऊन रावेरला नेलं. दुसऱ्या दिवशी आबा गेले. पोलिसांना ज्याच्या कपड्यांवर रक्त होतं, हातात लोखंड होतं आणि जो समोरच्या पक्षाचा होता असा एक माणूस मिळाला. संध्याकाळपर्यंत गोष्ट तयार झाली होती. नानांनी तीच गोष्ट सांगणाऱ्या जबाबावर सही केली.

फौजदार माझ्याकडेही आले. सासूबाई माझ्या मागे उभ्या होत्या. आदल्या दिवशी बांगड्या फुटल्या होत्या त्यांच्या, मनगटावर ओरखडे तसेच होते. त्या माझ्या कानाशी एवढंच म्हणाल्या, ‘एक गेला. दुसरा नको.’ मी फौजदारांना सांगितलं, मी तिथं नव्हते. तोतारामला सात वर्षांची शिक्षा झाली.

यानंतर नाना तेहेतीस वर्षं जगले. तू मला विचारायचास, नाना माझं बोट का धरत नाहीत, जत्रेतसुद्धा मागे का चालतात. ते कुणालाच हात लावत नसत. पुण्यतिथीला हार घालून घरी आले की मोरीत जाऊन ओकायचे, आणि मी बाहेर बादली घेऊन उभी असायचे. आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नाही. तिकडे पक्षानं आबांचा फोटो मोठा केला. फोटोखालची ओळ झाली, ‘बागायतदार जगला तर गाव जगेल.’ तुझ्या पिढीनं फलक छापले, ‘गाव आपलं, बाकी पाहुणे.’ सहा वर्षांपूर्वी समोरचा पक्ष आणि आपला पक्ष एक झाले. ज्यांना आपण आबांचे मारेकरी म्हणत आलो त्यांच्या गळ्यात तू हार घातलास आणि त्यांनी आबांच्या फोटोला. कुणी कुणाला गिळलं हे मला आजही सांगता येत नाही. एवढ्या अदलाबदलीत सगळ्यांना माफी मिळाली, फक्त तोतारामला नाही. कारण तो आता कुणाच्याच पक्षात नव्हता. तुरुंगातून सुटल्यावर पाड्यावर राहायला गेला, सायकली दुरुस्त करायचा, मजुरांचे अर्ज लिहून द्यायचा.

तुझ्या पॅकिंग हाऊसकडे येणारी ट्रॉली उलटली आणि घडांखाली दोन बाया चिरडल्या, त्यावर आपलं बोलणं झालं होतं. मजुरांचं मागणं एवढंच होतं, भरल्या ट्रॉलीवर माणसं बसवू नका. तू म्हणालास, आज हे मागतील, उद्या मालकी मागतील. ते तुझ्या फाटकासमोर बसले. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी तिथं गेले. तोताराम तिथं आहेत असं कळलं होतं, आणि बेचाळीस वर्षांनी मला त्यांना सांगायचं होतं की त्या दिवशी मी तिथं होते. ते छपराच्या सावलीला बसले होते. मला तांब्याभर पाणी दिलं. मी बोलायला लागले तर मध्येच हात वर करून म्हणाले, ‘ताई, माले मालूम शे. तू पंपनी खोलीजवळ उभी व्हती, मी देखेल व्हतं तुले.’ मी म्हटलं, मग कोर्टात का नाही बोललात? म्हणाले, ‘तुना सासरा मांडीवर व्हता तवय एकच बोलना, मना पोऱ्याले सांभाळ.’ मग रिकामा तांब्या माझ्याकडून घेत म्हणाले, ‘आते ह्या वयमा मी तुनी साक्ष लिसन काय करू? सांगानं व्हई त तुना पोऱ्याले सांग.’

मी उठले होते, तुझ्याकडेच यायला. तेवढ्यात दोन गाड्या आल्या. तू पुढच्या गाडीतून उतरलास, हातात टायर काढायची टॉमी होती. मी पाण्याच्या टाकीजवळ होते. तू मला पाहिलंस की नाही, हे मला नऊ दिवस कळत नाहीये. तुझ्याबरोबरच्या पोरांनी फाटकासमोर बसलेल्या बेबाबाईला केसांनी ओढून फाटकावर आपटलं, तिचा हात कोपरापासून उलटा वळलेला मी पाहिला. तोताराम उठून तुझ्यासमोर आले, हात जोडलेले होते त्यांचे. आणि तू ओरडलास, ‘माझ्या आजोबाला मारणारा हाच!’ पहिला वार खांद्यावर बसला. तो रागाचा म्हणून मी मनाशी सोडून दिला असता. दुसरा डोक्यावर बसला. ते गुडघ्यावर आले, बेबाबाईचा नवरा नवल त्यांच्या अंगावर आडवा पडला, तुझ्या दोघांनी त्याला पाय धरून ओढून काढलं. मग तू एक पाऊल मागे घेतलंस, टॉमी दोन्ही हातांत नीट धरलीस आणि तिसरा मारलास. मी ओरडत होते. पण ‘हितू, हितू’ एवढंच ओरडत होते. ‘त्यांनी मारलं नाही’ हे तीन शब्द तेव्हाही माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

तू ज्याला मारलंस त्यानं तुझ्या आजोबांना वाचवायचा प्रयत्न केला होता. तुझ्या हातात टॉमी तुझ्या पक्षानं दिली असेल, पण कुणावर उगारायची ते मी शिकवलं, शाळेच्या रेघी कागदावर, सुवाच्य अक्षरात. गावानं, पक्षानं, काळानं काय काय बदललं याचा हिशोब तुमच्या सभांत करा. माझ्या घरात खोटं बोलणारी मी होते.

हे सगळं आज लिहायचं कारण ऐक. सोमवारी मी रावेरला जाऊन न्यायाधीशांसमोर जबाब दिला. दोन्ही दिवसांचा. त्र्याऐंशीचा ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं, म्हणाले, बाई, यातलं आता कुणी जिवंत नाही. मी म्हटलं, मी आहे. दुसऱ्या जबाबात तुझं नाव आहे, टॉमी आहे, तीन वार आहेत. तू कुठे लपलायस ते विचारलं. माहीत नाही असं मी म्हटलं नाही, आज सांगणार नाही असं म्हटलं. वकिलानं सांगितलं, तू हजर होईपर्यंत नवल आणि ते तिघं काही सुटत नाहीत. बेबाबाई गळ्यात हात बांधून रोज कचेरीच्या पायरीवर येऊन बसते. शुक्रवारी दुपारी बारा वाजता मी चोपड्याच्या त्या मळ्याचा पत्ता सांगणार आहे. त्याच्या आधी तू स्वतः ये. गाड्या, झेंडे, घोषणा देणारी पोरं घेऊन येऊ नकोस, एसटीनं ये. हे पत्र मी सारिकाला वाचून दाखवलं. ती भिंतीला टेकून बराच वेळ बसली. मी म्हटलं, तुला हे घेऊन जायचं नसेल तर तुला पाठवत नाही, दुसरं कुणी पाहते. ती उठली, डोळे पुसले, आणि पाकिटाला डिंक तिनंच लावला. उद्या ती स्वतः घेऊन येतेय.

काहीही झालं तरी तुझीच,
आई