माहूरच्या घाटातली अठरा मिनिटं

आदिनाथ,

मी सातच्या एसटीने नांदेडला, ट्रकच्या शोरूमला जाते आहे. तुला उठवलं नाही, कारण तू पुन्हा तेच सांगितलं असतंस.

इंजिन तापल्याचा दिवा लागताच ट्रक उभा केला, असं तू म्हणालास. तेच मी वॉरंटीच्या अर्जात लिहिलं. काल तिथल्या मॅनेजरचा फोन आला. "ताई, दिवा लागल्यावर गाडी अठरा मिनिटं चालल्याची नोंद हाय मशीनमध्ये. तुमचे भाऊ काय ढकलून राहिले होते का?"

मग आईला विचारलं. ती म्हणाली, "अगं, देवीला निघाल्यावर चढावर गाडी थांबवू न्हाई, म्हणून मीच सांगितलं त्याला. मागं बावीस बाया होत्या."

मालाच्या ट्रकमध्ये बावीस बाया. तू का लपवलंस, ते कळलं.

तो अर्ज मी आज परत घेणार आहे. खरं लिहिल्यावर बहुतेक ते इंजिन फुकट दुरुस्त करून देणार नाहीत आणि ट्रक शोरूममध्येच अडकून पडेल. तरीही माझ्या हातचं खोटं त्यांच्या फाइलमध्ये राहू देणार नाही.

चिठ्ठीखाली कोरा अर्ज आहे. तुझ्या हाताने लिही आणि अकराच्या आत फोटो पाठव. बाया होत्या, हेही लिही.

त्यात आईचं नाव नको. दिवा तुझ्यासमोर लागला होता, तिच्या नाही.

तनुजाताई