गंगाजलाची बाटली

अण्णा, आज देवघराची भांडी घासताना ती काचेची बाटली पुन्हा हातात आली. अंगठ्याएवढी, काळ्या बुचाची. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, आणि मी अजून तुम्हाला हे सांगितलेलं नाही.

मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर शिपाई, आणि मी पडेगावच्या घरून तुमचा डबा घेऊन यायचे. हिमालयातल्या एका दुर्मिळ झाडाची सुईसारखी पानं तुम्ही कुटत बसलेले असायचे. तिथल्या प्राध्यापक मॅडम त्यातून कॅन्सरवर चालेल असं औषध काढू बघत होत्या. "पोतंभर पाल्यातून मोहरीएवढं निघतंय," तुम्ही म्हणायचे. "त्यापरीस तुझ्या आईचा काढा बरा, वाटीभर तरी होतो."

त्या दुपारी तुम्ही पाणी प्यायला बाहेर गेलात. मोरीवर, धुवायच्या भांड्यांशेजारी ही बाटली होती. रिकामी, तळाशी नुसता पांढरा डाग. आपल्या घरी गंगाजल प्लॅस्टिकच्या डबीत असायचं, ते माझ्या मनाला पटायचं नाही. टाकाऊच असेल म्हणून मी ती नळाखाली खळखळून धुतली आणि पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी आले तर तुम्ही कचऱ्याच्या टोपलीत हात घालून बसलेले. मॅडम ओरडल्या नाहीत. "दोन वर्षांचं काम होतं त्यात, मामा," एवढंच बोलल्या. तो डाग हेच त्यांचं औषध होतं. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "माझ्याच हातून धुतल्या गेली असंल." मी तुमच्या शेजारी वाकले आणि कपाटाखाली शोधू लागले. बाटली घरी देवघरात, देवांच्या मागं भरून ठेवलेली होती.

महिन्याभरात तुमचं काम सुटलं. त्या झाडाचा पाला मॅडमना पुन्हा मिळाला नाही, असं तुम्हीच कुठूनसं ऐकून आलात आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

पुढं तुमच्याच घशात गाठ निघाली. ते औषध कधी झालं असतं का, तुम्हाला लागू पडलं असतं का, देवच जाणे. मॅडमनासुद्धा ते ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवशी आई म्हणाली, "गंगाजल आण गं." मी याच बाटलीचं बूच काढलं. तुम्ही बाटलीकडं बघितलंत, मग बराच वेळ माझ्याकडं, आणि तोंड उघडलंत.

हे लिहिलेलं पान हिशोबाच्या वहीतच राहील. त्या शेवटच्या दिवशी तुमचा आवाज गेलेला होता, अण्णा. त्या घडीला मला त्याचं बरं वाटलं.