आतून भरणारी जखम

देरा, दुबई
२० नोव्हेंबर १९६६

प्रिय बानू,

तुझं पत्र परवा मिळालं. याकूबने जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. खोकला थांबलाय, वजन वाढलंय, आरशात पाहिलं की पुन्हा ओळखीचं माणूस दिसतं, हे ऐकताना माझा घास हातातच राहिला. ईदला येऊ का, बोटीचं तिकीट काढाल का, असं तू शेवटी विचारलं आहेस. याकूब तर ताटावरून उठून लगेच लिहायला बसणार होता. मी म्हटलं, थांब, याचं उत्तर मी देते. ते या पत्रात आहे, पण अगदी शेवटी. तू शेवटचं पान आधी उलटून बघणार, हे मला ठाऊक आहे. तसं करू नकोस. मिरजेच्या सॅनेटोरियमच्या त्या व्हरांड्यात तुझ्याकडे वेळच वेळ आहे, तेव्हा तुझ्या सासूचं सगळं ओळीने ऐक. आधी मला बादशाहबद्दल सांगायचं आहे.

बादशाह म्हणजे मी पत्रासोबत घालते त्या तुझ्या शहनाझच्या चित्रांत असतो ना, तो. तू मागे लिहिलं होतंस की हा बिनशेपटीचा उंदीर आहे की बटाटा, कळत नाही. तो गिनीपिग आहे. याकूबच्या साहेबाची मेमसाहेब मे महिन्यात विलायतेला परत गेली, तेव्हा जाताना तिने तो खोक्यासकट शहनाझच्या हातात दिला. तांबूस-पांढरा, छातीवर गोंड्यासारखे केस आणि डोळे सदा आश्चर्य वाटल्यासारखे. त्याचं इंग्रजी नाव ऐकून शेजारची ताजबी उंबऱ्यावरच थबकली. म्हणाली, मैमुनाबी, नमाजाच्या घरात हे कसलं नाव घेता? तेव्हापासून बाहेरच्यांसाठी तो विलायती ससा आहे. सकाळी मी कोथिंबीर निवडायला घेतली की नुसत्या जुडीच्या वासाने शिट्ट्या घालतो. तू गेल्यापासून या घरात इतक्या हक्काने कुणी काही मागितलं नव्हतं.

तेव्हा शहनाझ कशी होती, हे मी तुला कधी लिहिलं नाही. ती शाळेत जायची, जेवायची, विचारलं तर "येस, दादी", "नो, दादी" म्हणायची. तुझं नाव मात्र काढायची नाही. तुझं पत्र आलं की तिला अचानक गृहपाठ आठवायचा. मी दाराआडून पाहायची, तर पुस्तक उघडं असायचं आणि पान उलटत नसायचं. बादशाह आला आणि ती त्याच्याशी बोलू लागली. तेही मराठीत, जे ती आमच्याशी टाळते.

उन्हाळा उतरत होता, तेव्हा त्याच्या जबड्याखाली गाठ आली. आधी लिंबाच्या बीएवढी, मग सुपारीएवढी. तो खाईना. पाला तोंडाशी नेला तर हुंगायचा आणि मान वळवायचा. इथे जनावरांचा डॉक्टर कुठला? म्हणून याकूब त्याला टॉवेलात गुंडाळून आपल्या डॉक्टर नूरुद्दीनकडे घेऊन गेला. तिथे बसलेल्या माणसांनी काय काय म्हटलं, ते त्याने घरी येऊन नकला करून सांगितलं. एका म्हाताऱ्या अरबाने विचारलं म्हणे, हबीबी, हा तुझा थोरला की धाकटा? डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी गाठ फोडली, पू काढला आणि बजावलं की पेनिसिलिन याला अजिबात द्यायचं नाही, माणसाला तारणारं ते औषध या प्राण्याला मारतं. कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुवायची, रोज हिरवा पाला आणि लिंबाचा रस द्यायचा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जखमेचं तोंड बंद होऊ द्यायचं नाही. आत औषधाच्या कपड्याची बारीक वात ठेवायची आणि रोज बदलायची.

बानू, मला हे सगळं येत होतं, हे मीच विसरून गेले होते. माझे अब्बा बोटीवर सारंग होते. परमुलखात फिरून त्यांच्या मनाने घेतलं की आपली मुलगी शिकली पाहिजे, आणि हर्णैची नऊवारीतली, मासे वाळवणारी बायकामंडळी तोंडाला पदर लावून बघत असताना त्यांनी मला पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नेऊन सोडलं. तिथल्या दवाखान्यात सिस्टर अ‍ॅग्नेस होत्या, उंच आणि लाल हातांच्या. कुणाचा गुडघा फुटला की त्या आम्हा मोठ्या मुलींना मदतीला घेत. पट्ट्या उकळायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे आणि दुखणाऱ्या मुलीशी सतत काहीतरी बोलत राहायचं. मी पहिल्यांदा आजारी पडले, तेव्हा घरच्या आठवणीने रडत होते आणि त्या माझ्या उशाशी बसून मोजे विणत होत्या. काही विचारलं नाही, समजावलं नाही. नुसत्या बसून राहिल्या. त्यांच्या अंगाचा कार्बोलिक साबणाचा वास मला इतक्या वर्षांनी देराच्या या स्वयंपाकघरात आला.

शहनाझ मदतनीस झाली. ती त्याला मांडीवर धरायची, मी जखम धुवायची. आठवड्याभरात तो खाऊ लागला. याकूब बाजारातून जत आणायचा, इथे शेळ्या-उंटांना घालतात तो हिरवा चारा, आणि बादशाह त्यात नाकापर्यंत बुडून बसायचा. मग ताजबी आली. म्हणाली, बिचाऱ्याला रोज कशाला टोचता, आपलं घरचं औषध लावा, दोन दिवसांत खलास. तिच्याकडे दापोलीहून आलेलं उंडीचं तेल होतं. त्यात हळद परतून तिने लेप केला. आपल्याकडे कोयता लागो की काटा, उंडीचं तेल आणि हळद यापलीकडे कुणी गेलंय का? मलाही तो वास माहेरचा वाटला. वात काढली, लेप लावला. जखमेवर इतकी सुंदर खपली धरली म्हणून सांगू, की आम्ही दोघी कौतुकाने बघत राहिलो. ताजबीने खीर पाठवली. बादशाहने शहनाझच्या वहीचा कोपरा खाल्ला, म्हणजे तब्येत ठणठणीत.

पंधरवड्याने गाठ पुन्हा आली. पहिल्यापेक्षा मोठी, खोल आणि कठीण. वरून सगळं छान भरलं होतं आणि आत तसंच राहिलं होतं. डॉक्टर म्हणाले की आता आशा धरा, पण फार नको. ताजबी घाबरली. तिचंही मन वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. शहनाझच्या देखत म्हणाली, मैमुनाबी, याला आता वाळवंटात सोडून द्या, ही रोगट जात, पोरीला काही लागलं म्हणजे?

शहनाझ उठली, बादशाहला फ्रॉकच्या घोळात घेतलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "इज दॅट व्हाय यू सेंट मम्मी अवे?"

वर्षभर ती पोर मनात हे घेऊन वावरत होती, बानू. मला वाटायचं तिला तुझा राग आलाय. ताजबी ओढणी सावरत निघून गेली. मी तिथेच फरशीवर तिच्याशेजारी बसले. सिस्टर अ‍ॅग्नेससारखी नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने तिनेच डोकं माझ्या खांद्याला टेकवलं. तेव्हा मी तिला सांगितलं, शहनाझ, मम्मीला कुणी पाठवलं नाही, ती स्वतः गेली, कारण तिला बरं व्हायचं होतं आणि तुला आजारी पाडायचं नव्हतं. धक्क्यावर तिने तुला जवळ घेतलं नाही, ते घ्यावंसं वाटलं नाही म्हणून नव्हे. लाँच निघाल्यावर ती तुझ्याकडे पाठ करून बसली, कारण ती रडत होती. मम्मीच्या छातीतही बादशाहसारखं आतून दुखणं आहे, त्याला वेळ लागतो. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग आपण याला परत वात लावू या. या वेळी मी सांगेपर्यंत काढायची नाही."

त्या दिवसापासून ती आमची डॉक्टर आहे. हात कोपरापर्यंत धुते आणि मलाही धुवायला लावते. डॉक्टर नूरुद्दीननी दुसऱ्यांदा गाठ उघडली, तेव्हा तिने टॉवेल स्वतः धरला. तो चार घास खायचा, पुन्हा पडून राहायचा. मग मी जत वाटून, लिंबू पिळून, सुई काढलेल्या पिचकारीने त्याच्या गालात सोडायची आणि ती त्याला मराठीत गोष्टी सांगायची. सगळ्या तू तिला सांगितलेल्या, मी ओळखल्या. ताजबी दोनदा येऊन गेली, हात मागे बांधून बसली आणि औषधाचं नाव काढलं नाही. जाताना बादशाहसाठी मेथी ठेवून गेली. मध्यंतरी जखम वरून मिटायला लागली, तो उड्या मारायला लागला. याकूब म्हणाला, यल्ला, झालं की आता, सोडा त्या वातीचा नाद. शहनाझने बोटाने हलकेच दाबून पाहिलं आणि मान हलवली, "नॉट फ्रॉम इनसाइड, डॅडी." वात राहिली. नंतर ती दिवसागणिक आखूड करत गेलो, कारण खाली नवं मांस भरत होतं, आणि एक दिवस आत जायला जागाच उरली नाही. परवा डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं. गाठ नाही. जबड्याखाली बारीक नवे केस आलेत, बाकीच्यांपेक्षा मऊ. शहनाझ येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायला सांगते. ताजबीनेही लावला, आणि नंतर नमाजाआधी धुतात तसे हातपाय धुऊन वजू केला.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. परवा याकूबने तुझं पत्र वाचलं, तेव्हा शहनाझ पहिल्यांदाच गृहपाठाला पळाली नाही. "ईदला येऊ का" हे ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, काढावं तिकीट, होईल ते होईल. मग ती थांबली. तुझ्या डॉक्टरांनी काय सांगितलंय, असं तिने वडिलांना विचारलं. याकूबने पुन्हा पत्र चाळलं. डॉक्टरांबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस, बानू. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत औषधं घ्यायची आहेत, हे जाताना तूच मला सांगितलं होतंस. शहनाझ म्हणाली, "दादी, टेल हर नॉट येट." एवढं म्हणून ती आत गेली आणि बादशाहच्या खोक्याशी बसून रडली. मी शेजारी बसले. तेव्हा येऊ नकोस, बेटा. ती कडू पावडर, ती इंजेक्शनं, एकही चुकवू नकोस. तुझ्या लेकीने सांगेपर्यंत वात काढायची नाही. तिकीट याकूबने कालच काढलं, पण ते तुझं नाही. एक माझं आहे आणि एक तिचं. शाळेत रजेचा अर्ज दिलाय, बादशाहला ताजबी सांभाळणार आहे, तिने स्वतःहून मागून घेतलंय. ईद आम्ही तुझ्याकडे मिरजेला करू. डॉक्टर सांगतील तेवढ्या अंतरावर बसू, शहनाझने ते कबूल केलंय. तिने फक्त एवढंच विचारलंय की व्हरांड्यातला तुझा बाक किती लांब आहे. तू एका टोकाला आणि ती दुसऱ्या टोकाला, अशा दोघी मावाल का? तेवढं मोजून लगेच कळव.

तुझीच,
अम्मा